भुजंगराव हेल्दी होतात

भुजंगराव देगलूरकर आयुष्यात कधी आजारी पडले नव्हते, आणि हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या लोकांची त्यांच्याबद्दल हीच खरी तक्रार होती. आजारी माणूस बारीक असला तर कोणी काही म्हणत नाही. उलट दोन मोसंबी घेऊन भेटायला येतात. पण जो माणूस दोन्ही वेळा पोटभर जेवतो, जेवणानंतर व्यवस्थित ढेकर देतो, रोज सकाळी नया पूल पायी ओलांडून दफ्तरात जातो आणि संध्याकाळी पायीच परत येतो, तो काठीसारखा बारीक असतो, तेव्हा गल्लीला कोणाला तरी जबाबदार धरावंच लागतं. गल्लीने त्यांच्या पत्नीला, इंदुमतीबाईंना धरलं होतं.

उघडपणे नव्हे. गल्ली सुसंस्कृत होती. वकील, मास्तर आणि निजाम सरकारचे अहलकार, म्हणजे कारकून, अशा मराठी घरांची ती गल्ली, तिथे कोणी कोणाला टाकून बोलत नसे. "भुजंगराव जरा वीकच आहेत, नाही?" एवढंच म्हणायचे, आणि त्या 'नाही'च्या वेळी नजर सहज देगलूरकरांच्या स्वयंपाकघराकडे वळायची.

वीक हा शब्द इंग्रजी. गल्लीतली मुलं जामबागेतल्या शाळांत जाऊ लागल्यापासून असे बरेच शब्द घरोघरी आले होते, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीइतक्याच जपून ते वापरले जात. त्यांतले दोन शब्द मात्र रोजच्या वापरात रुळले होते. एक वीक आणि दुसरा हेल्दी. वीक म्हणजे ज्याच्या गळ्याची हाडं दिसतात तो. हेल्दी म्हणजे ज्याला बसायला एक पाट पुरत नाही तो. शेजारचे नरहरराव वकील हेल्दी होते. त्यांचे गुडघे धरत, दोन पायऱ्या चढल्या की त्यांना बोलता येत नसे, रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून ते लोडाला टेकून बसल्या बसल्या झोपत, आणि स्वतःचे जोडे त्यांनी कित्येक वर्षांत वरून पाहिले नव्हते. पण हेल्दी. त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी गल्लीतून चालत, तेव्हा वकीलसाहेबांच्या वजनाचा सगळा मान त्यांच्या चालण्यात असे.

एकदा हळदीकुंकवाला भर बायकांत कुसुमवहिनी म्हणाल्या होत्या, "इंदुमती, पाठवत जा गं कधीमधी भुजंगरावांना आमच्याकडे जेवायला." सगळ्या हसल्या. इंदुमतीबाईही हसल्या. मग घरी येऊन त्यांनी घासलेली भांडी पुन्हा एकदा घासली.

त्या वर्षी भुजंगरावांच्या दफ्तरात हॉलब्रुक नावाचे एक इंग्रज साहेब वरच्या जागेवर आले. साहेबांना आदिलाबादपासून रायचूरपर्यंत दौरे करायचे होते आणि बरोबर एक पेशकार हवा होता. पेशकार म्हणजे साहेबांच्या उजव्या हाताला उभं राहून मिसली, म्हणजे कामाचे कागद, पेश करणारा. कामाच्या मानाने तो अहलकाराहून फार मोठा असतो असं नाही, पण जिथे साहेबांचा तंबू पडतो तिथे तालुक्याचे तहसीलदारसुद्धा पेशकाराला आधी सलाम करतात आणि मग साहेबांचा मूड विचारतात. भुजंगरावांचं उर्दू अक्षर दफ्तरात सर्वांत सुरेख. मराठी घरची, तेलुगु बाजारातली, इंग्रजी कामापुरती. जागा आपल्यालाच मिळणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. एवढ्यात दफ्तराचे प्रमुख, मुंतजिमसाहेब, साहेबांच्या खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं,

"साहब बोले, पेशकार हेल्दी होना. वीक आदमी नक्को. जंगलां में फिरने का काम है."

सगळ्या दफ्तराने एकाच वेळी भुजंगरावांकडे पाहिलं. कोणी वाईट हेतूने पाहिलं नाही. घरात गमी झालेल्या माणसाकडे पाहतात तसं पाहिलं.

आता हॉलब्रुकसाहेब स्वतः बांबूसारखे उंच आणि सडसडीत होते, हे कोणाच्या लक्षात यायला हरकत नव्हती. पण साहेबाच्या शब्दाचा अर्थ साहेबाच्या अंगावरून लावावा, असं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. साहेब गोरा असतो, तो बारीक असला तरी चालतं.

"दिल छोटा नक्को करो, रावसाब," शेजारच्या टेबलावरचे मुनव्वर हुसेन म्हणाले. "दरख्वास्त देने को दो-ढाई महीने हैं. खाओ. खाना कौनसा मुश्किल काम है?"

संध्याकाळी भुजंगरावांनी घरी हे सांगितलं. त्यांच्या दृष्टीने ही नोकरीतली एक अडचण होती. इंदुमतीबाईंना त्यात वेगळंच ऐकू आलं. इतके दिवस गल्ली म्हणत होती, आता सरकारही तेच म्हणायला लागलं. त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवलं. मग पदर खोचला.

"दोन महिन्यांत तुम्हाला हेल्दी करून नाही दाखवलं, तर नांदेडचं नाव सांगायची नाही."

नांदेड हे त्यांचं माहेर. त्यामुळे प्रकरण तिथल्या तिथे घरगुती न राहता दोन घराण्यांचं झालं.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही आणि सल्ले यायला त्याहून कमी लागला. आजवर जी गल्ली नुसती उसासे टाकत होती, तिला एकदम करण्यासारखं काम मिळालं. कुसुमवहिनींनी डिंकाच्या लाडवांचं प्रमाण सांगितलं. कोणी म्हणालं, पहाटे भिजवलेले बदाम. कोणी म्हणालं, दुधात खारीक. कोपऱ्यावरच्या मास्तरांनी दुपारची झोप सुचवली, ती भुजंगरावांनी दफ्तरात सुरू केली आणि तिथे कोणाला त्यात काही नवीन वाटलं नाही. मुनव्वर हुसेन यांनी एका हकीमसाहेबांचं माजून, म्हणजे शक्तीचं चाटण, आणून दिलं. शिवाय ब्राह्मण हलवायाकडून घेतल्याची शपथ खाऊन जर्दाळूंचा कुबानी का मीठा पाठवला. त्यावर घरी थोडी चर्चा झाली, आणि तो सर्वांनी मिळून संपवला.

सर्वांत जालीम सल्ला नरहरराव वकिलांचा. ते पाटावर, म्हणजे दोन पाटांवर, बसून म्हणाले, "भुजंगराव, तुमचं मूळ दुखणं मला सापडलंय. तुम्ही चालता. अहो, चालणं म्हणजे खाल्लेलं रस्त्यात सांडत जाणं. घरून निघताना पोटात शेर असतो, नया पुलावर अर्धा सांडतो, दफ्तरात पोचता ते पावशेर घेऊन. झटका लावा."

झटका लागला. रोज सकाळी दारात तो एका घोड्याचा टांगा येऊन उभा राहू लागला आणि भुजंगराव एखाद्या जहागीरदारासारखे त्यात बसून, ओळखीच्या पायी जाणाऱ्या लोकांची नजर चुकवत पूल ओलांडू लागले. झटक्याने त्यांच्या पोटातलं सगळं पुन्हा पुन्हा वर येऊन खाली जाई. पण ते सांडत नव्हतं, हे महत्त्वाचं.

घरात तर मोहीमच सुरू झाली. सकाळी दूध आणि दोन लाडू. मग तुपाने माखलेला भात, वर वरण, वरणावर पुन्हा तूप. परभणीच्या मावशींकडून तुपाचा डबा आला, तो कधी संपला ते कळलं नाही, दुसरा आला. 'पुरे' या शब्दाला घरात मज्जाव झाला. भुजंगराव ताटावर हात आडवा धरायचे तर इंदुमतीबाई वाट पाहायच्या. हात शेवटी माणसाचाच, तो कधीतरी बाजूला होतो. तो झाला की पोळी पडायची.

हळूहळू फळ दिसू लागलं. दिसलं ते एकाच ठिकाणी. हात होते तसेच राहिले, पाय होते तसेच राहिले, गळ्याची हाडंही हलली नाहीत. फक्त पोट तेवढं सरकारी हुकूम मिळाल्यासारखं पुढे आलं. पण गल्ली समाधानी होती. संध्याकाळी ओट्यावर बसलेले नरहरराव त्यांना बाजूने उभं करून पाहायचे आणि कौतुकाने म्हणायचे, "हं. येतंय, येतंय."

आणि इंदुमतीबाई? त्यांच्या चेहऱ्यावर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात होतं तसं तेज आलं. सकाळी त्या झटक्यापर्यंत सोडायला येऊ लागल्या, म्हणजे समोरच्या घरांतून नीट दिसावं. हळदीकुंकवाला जाऊ लागल्या आणि तिथे मध्यभागी बसू लागल्या. एकदा तर कुसुमवहिनींनी त्यांना चिवड्याचं प्रमाण विचारलं. भुजंगरावांना रात्री झोप लागत नव्हती, छातीत जळजळ होती, आणि जोड्याची नाडी बांधायला वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. पण बायकोचं ते तोंड पाहिलं की बोलणं ओठांवरच थांबायचं. बायको इतकी आनंदात आहे, तर थोडं जळलं म्हणून काय झालं?

मग शेरवानीचा प्रश्न आला. जुनी शेरवानी पोटावर लागेना. गफूर दर्जीला बोलावलं. त्याने टेप लावली, पुन्हा लावली, आणि तो विचारात पडला.

"साब, आप रोज बढ़ रहे. मैं आज का नाप लेऊं के दरख्वास्त के दिन का?"

प्रश्न रास्त होता. भुजंगरावांनी वकिलांना विचारलं. वकील म्हणाले, पुढची तारीख धरून शिवावं, कोर्टातही तसंच असतं. तेव्हा गफूरने एका भरदार माणसाच्या मापाने शेरवानी शिवली. ठरलेला दिवस आला तेव्हा पोटाने आपला शब्द पाळला होता, पण खांदे आणि छाती यांनी दगा दिला. शेरवानी तिथे पडद्यासारखी लोंबत होती.

"फिक्र नक्को, साब," गफूर म्हणाला, आणि त्याने खांद्यांत, छातीत आणि दंडांत छान पिंजलेली रुई भरली. मे महिन्यातल्या हैदराबादेत भुजंगराव अंगावर गादी घालून दफ्तरात गेले.

मुंतजिमसाहेबांनी त्यांना दारातच पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. "माशाल्ला! रावसाब, ये हुई ना बात!" दरख्वास्त त्यांनी उभ्या उभ्या मंजुरीला लावली. "अब सिर्फ एक डाक्टर की चिट्ठी होना. हेल्दी है बोलके. डाक्टर को आँखां हैं, देखते ही लिख देगा."

डॉक्टर स्कॉच होते आणि त्यांना डोळे होते. त्यांनी भुजंगरावांना वरून खाली पाहिलं आणि शेरवानी उतरवायला सांगितली. शेरवानीबरोबर खांदे, छाती आणि दंड खुंटीवर टांगले गेले, आणि काड्यांसारख्या चार अवयवांच्या मध्यभागी एक पोट, असे भुजंगराव स्टुलाशेजारी उभे राहिले. डॉक्टरांनी खुंटीकडे पाहिलं. मग माणसाकडे पाहिलं. त्यांच्या बरोबरीचा कंपाउंडर भिंतीकडे तोंड करून खोकू लागला.

डॉक्टरांनी स्टुलावर चढ-उतार करायला लावली. भुजंगराव थोडा वेळ चढले आणि उतरले, मग नुसते धापा टाकत स्टूल धरून उभे राहिले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पोटावर बोटं वाजवली आणि इंग्रजीत बरंच काही बोलले. त्यातले भुजंगरावांना दोनच शब्द नीट कळले. एक 'नॉट हेल्दी', आणि दुसरा 'वीक'.

"वीक?" भुजंगरावांच्या तोंडून मराठीतच निघालं. "अहो, वीक मी आधी होतो!"

कंपाउंडरने मध्ये पडून ते डॉक्टरांना समजावलं. डॉक्टरांनी आधीची हकीकत विचारली. काय खात होता, किती चालत होता, धाप लागत होती का. भुजंगरावांनी सांगितलं. डॉक्टर ऐकत गेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य दिसू लागलं की त्यांनी शेवटी टोपीच काढली.

"डाक्टरसाब बोल रहे," कंपाउंडर म्हणाला, "तुम जो पहले थे ना, वो हेल्दी. अब जो हो, वो वीक. पहले जैसे होके आओ, चिट्ठी देतूं बोल रहे."

भुजंगराव बाहेर आले. शेरवानी हातावर टाकून ते त्या दिवशी पायीच घरी गेले, कारण झटक्यात बसावं असं त्यांना वाटेना.

घरी इंदुमतीबाई दारातच उभ्या होत्या. "मिळाली चिट्ठी?"

"डॉक्टर म्हणाले, वीक."

"कोण?"

"मी."

"आत्ता?" इंदुमतीबाईंचा आवाज चढला. "डोळे आहेत का त्याला? त्याला म्हणावं, आमच्याकडे जेवायला ये, मग बोल!"

मग भुजंगरावांनी बाकीचं सांगितलं. आधीची अवस्था हीच खरी हेल्दी होती, आणि जागा हवी असेल तर पुन्हा तसंच व्हावं लागेल. त्या ऐकत राहिल्या. हा माणूस इतकी वर्षं हेल्दी होता, आपल्या हातचं खाऊन हेल्दी होता, हा त्यातला आनंदाचा भाग त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांना एवढंच दिसलं की नवऱ्याला पुन्हा बारीक व्हायचं आहे, तेही गल्लीच्या डोळ्यांदेखत. दोन महिन्यांत मिळवलेलं सगळं पाण्यात, आणि दोष पुन्हा त्यांच्याच कपाळी.

त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भुजंगराव पानावर बसले, तेव्हा समोर एक ज्वारीची भाकरी, आंबट चुक्याची भाजी आणि वाटीभर वरण होतं. तूप नव्हतं. वाढताना इंदुमतीबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. आपल्याला जागा मिळावी म्हणून या बाईने आपली अब्रू ताटात वाढली आहे, हे भुजंगरावांना त्या कोरड्या भाकरीकडे पाहून कळलं, आणि ती भाकरी घशाखाली उतरायला त्यांना डिंकाच्या लाडवापेक्षा जास्त वेळ लागला.

झटका बंद झाला. रोज पहाटे भुजंगराव चादरघाट ओलांडून मलकपेठेच्या रेसकोर्सपर्यंत चालत जाऊ लागले. तिथे शर्यतीचे घोडे फिरवून आणत, आणि भुजंगराव त्यांच्या मागून कुंपणाच्या बाहेरून झपझप फेरी मारत. पोट जसं आलं तसंच गुपचूप जायला लागलं.

गल्लीचं मात्र काही गुपचूप राहिलं नाही. पहिला निष्कर्ष निघाला की नवरा-बायकोचं भांडण झालं. एरवी माणूस पहाटे घर सोडून कशाला जाईल? दुसरा निघाला की इंदुमतीबाईंनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं. भुजंगरावांनी खुलासा करायचा प्रयत्न केला, की डॉक्टरनेच चालायला सांगितलंय. त्यावर कोपऱ्यावरचे मास्तर हळूच म्हणाले, "आशा नसली म्हणजे डॉक्टर लोक असंच काहीतरी सांगतात." दुसऱ्या दिवशी दोघं मोसंबी घेऊन आले.

नरहरराव वकील तर रीतसर भेटीला आले. "भुजंगराव, माझ्यापाशी लपवू नका. पत्नीने अन्न तोडलं, तर कायद्यात तरतूद आहे. तशी स्पष्ट नाही, पण ओढून काढता येते."

आत पाण्याचा तांब्या जरा मोठ्याने खाली ठेवल्याचा आवाज झाला. इंदुमतीबाई आता हळदीकुंकवाला जात नव्हत्या. कोणी बोलावलं तर कपाळ दुखतं म्हणत. भुजंगरावांनी एकदा विचारलं, "गेली नाहीस?" त्या म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या आधी."

पोट पुरतं गेल्यावर भुजंगराव पुन्हा तपासायला गेले. डॉक्टरांनी या वेळी खुंटीला काही टांगू दिलं नाही. स्टुलावर चढा म्हणाले आणि मोजता मोजता स्वतःच थकले. मग समाधानाने चिट्ठी लिहिली, हेल्दी. खाली लफ्फेदार सही. दफ्तराच्या नियमाप्रमाणे तिचा उर्दू तर्जुमा झाला, त्यावर शिक्का बसला, आणि भुजंगराव ती घेऊन मुंतजिमसाहेबांपुढे उभे राहिले.

मुंतजिमसाहेबांनी चिट्ठी वाचली. मग भुजंगरावांना पाहिलं. मग पुन्हा चिट्ठी वाचली.

"ये चिट्ठी तो किसी तंदुरुस्त आदमी की है."

"माझीच आहे, साहेब."

"अजी, मैं आपकी दरख्वास्त के दिन खुद देखा ना! वो तंदुरुस्त भुजंगराव अलग थे. ये आप कैकू लाए? वो किधर हैं?"

तेच आपण, हे सिद्ध करायला दोन साक्षीदार लागतील असं ठरलं. मुनव्वर हुसेन तयार होते, पण शपथेवर नक्की काय सांगायचं हे त्यांना कळेना. 'हे तेच, पण कमी' अशा अर्थाचं वाक्य दफ्तरी उर्दूत बसेना. दुसरे साक्षीदार म्हणून नरहरराव वकिलांना आणलं. ते धापा टाकत जिना चढले, खुर्चीत पडले, आणि दम आल्यावर म्हणाले की हा माणूस आपला शेजारी आहे, जन्मापासून वीक आहे, आणि मध्यंतरी तो काही काळ हेल्दी होता ही केवळ एक तात्पुरती घटना समजावी. यामुळे प्रकरण अधिकच गुंतलं.

हा खल चालू असताना वरच्या मजल्यावरून हॉलब्रुकसाहेबांनी एक मिसल मागितली. शिपाई जाग्यावर नव्हता. भुजंगरावांनी सवयीने कपाटातून अचूक मिसल काढली आणि दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत वर जाऊन पेश केली. साहेबांनी मिसल पाहिली, तिच्यात योग्य पानावर खूण होती. मग या माणसाकडे पाहिलं. एवढा जिना चढून त्याला धाप लागली नव्हती.

"गुड," साहेब म्हणाले आणि नाव विचारलं. खाली येईपर्यंत भुजंगराव पेशकार झाले होते. कोणता भुजंगराव, हा प्रश्न मुंतजिमसाहेबांनी मोठ्या मनाने सोडून दिला.

दौऱ्यावर निघण्याच्या आधी घरी सत्यनारायण केला. गल्लीला जेवायला बोलावलं. इंदुमतीबाई दोन दिवस राबत होत्या. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, भजी, पंचामृत. पानांच्या दोन रांगा बसल्या आणि पहिला घास तोंडात जाताच बोलणं बंद पडलं. गल्लीला जेवताना गप्प बसवणं सोपं नव्हतं. नरहररावांनी चार पोळ्यांनंतर डोळे मिटले आणि पाचवीला उघडले.

पण पोटं भरली तशी तोंडं मोकळी झाली. भुजंगरावांना शेजारच्या रांगेतून हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं.

"हात काय गोड आहे हो तिचा."

"तेच ना. लोकांना एवढं करून घालते, आणि घरच्या माणसाची दशा बघा. आता दौऱ्यावर कसा टिकायचा?"

इंदुमतीबाई तुपाची तांबली घेऊन त्याच रांगेतून येत होत्या. त्यांनीही ऐकलं. त्यांची मान खाली गेली आणि त्या पुढच्या पानाकडे वळल्या.

भुजंगरावांच्या अंगरख्याच्या खिशात डॉक्टरांची चिट्ठी होती. विलायतेत शिकलेल्या माणसाची सही, निजाम सरकारचा शिक्का. ती काढून वाचून दाखवावी, हेल्दी म्हणजे काय ते या मंडळींना एकदाचं शिकवावं, असा विचार कित्येक दिवस त्यांच्या मनात घोळत होता. तो क्षण आता आला होता. त्यांचा हात खिशापर्यंत गेलाही. मग त्यांना दिसलं की चिट्ठीने त्यांचं नाव होईल, पण त्या खाली गेलेल्या मानेचं काय? हेल्दी म्हणजे बारीक, हे गल्ली या जन्मी मानणार नव्हती.

त्यांनी हात मागे घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "अगं, इकडे आण. दोन पोळ्या वाढ."

रांगा थांबल्या. भुजंगराव मागून घेत नसत, हे सर्वांना ठाऊक होतं. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. आणखी दोन मागितल्या. त्याही खाल्ल्या. कपाळावर घाम आला. मग पाण्याचा घोट घेऊन ते म्हणाले,

"मंडळी, आज सांगूनच टाकतो. हिने मला काय कमी घातलंय? रोज असंच घालते. दोन महिने तुमच्या डोळ्यांसमोर घातलं, तुम्ही पाहिलंत. दोष माझ्या अंगाचा आहे. मी जन्माचाच वीक. माझ्या अंगाला काही लागतच नाही. हिच्या जागी दुसरी कोणी असती, तर मी आज तुमच्यात जेवायला बसलोही नसतो."

भरल्या पंगतीत पुरुषाने स्वतःला वीक म्हणवून घेणं, हे गौलीगुड्यात पूर्वी कधी झालं नव्हतं. मग कुसुमवहिनींनी तोंडावर हात नेला.

"अगं बाई! म्हणजे असल्या माणसाला तू इतकी वर्षं उभं ठेवलंस, इंदुमती? आम्हाला कधी बोलली नाहीस गं!"

"मोठं काम केलंत, वहिनी," नरहररावही गहिवरून म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक पोळी घेतली. दोन्ही रांगांतून बायकांच्या नजरा इंदुमतीबाईंकडे वळल्या, आणि या वेळी त्या नजरा स्वयंपाकघराकडे गेल्या नाहीत.

भुजंगरावांना आता एक शीतही जाणार नव्हतं. इंदुमतीबाई तांबली घेऊन त्यांच्या पानापाशी आल्या आणि वाढायला वाकल्या. डोळे भरलेले होते, ते लपवायला त्या जरा जास्तच वाकल्या.

"खोटं बोलता," त्यांच्याखेरीज कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या. "चांगले हेल्दी आहात तुम्ही."

आणि त्यांनी पानावर तूप वाढलं. भुजंगरावांनी हात आडवा धरला नाही.